लिफ्टमधून उतरलेले भाऊजी

मटार निम्मे सोलून झाले होते, निम्म्या शेंगा अजून मांडीवरच्या टोपलीत होत्या, तेव्हा दाराची बेल वाजली. पलीकडच्या गल्लीतल्या सोसायटीचे सेक्रेटरी आले होते. एरवी आले की आधी सोफ्यावर बसतात आणि मग कामाचं बोलतात. आज उंबऱ्याबाहेरच थांबले.

"वहिनी, तुमचे दीर आहेत का घरात?"

"इस्त्रीचे कपडे आणायला गेलेत. बसा ना."

"नाहीत तेच बरं." मग चपलांच्या मांडणीकडे बघत ते म्हणाले, "आमच्याकडे त्या नर्सबाई राहतात, एकट्याच. रात्रपाळी करून सकाळी घरी येतात. तुमचे दीर रोज त्याच वेळेला त्यांच्या भिंतीपाशी उभे राहून खिडकीकडे मोबाईल धरतात. बाईंनी स्वतः पाहिलंय. पुन्हा दिसले तर पोलिसात जाईन म्हणाल्यात. म्हटलं, आधी घरी सांगावं."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

भाऊजी म्हणजे यांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही, आमच्यातच राहतात. सगळी नोकरी एका मोठ्या कचेरीत लिफ्टमन म्हणून झाली. जाळीचा दरवाजा ओढायचा, बटण दाबायचं, स्टुलावर बसायचं, की पुन्हा दरवाजा. बाहेर पाऊस पडतोय हे त्यांना आत शिरणाऱ्यांच्या छत्र्यांवरून कळायचं. निवृत्त झाले तेव्हा माझ्या लेकीने स्वतःचा जुना मोबाईल काकाच्या हातात ठेवला आणि फोटो कसा काढायचा ते शिकवलं. झालं! तेव्हापासून सकाळी चहा घेतला की भाऊजी जे बाहेर पडायचे ते शहर पालथं घालून यायचे. हे म्हणायचे, "जन्मभर वर-खाली केलं, आता आडवा सुटलाय."

काढायचे तरी काय? गटाराच्या झाकणाच्या फटीतून वर आलेलं पिवळं फूल. स्कूटरच्या सीटवर मुटकुळं करून झोपलेलं मांजर. अर्ध्या उघड्या शटरखालून दिसणारे शिंप्याचे पाय. तारेवर वाळणारे मोजे, एक लाल नि एक हिरवा. आणि हे सगळं मला दाखवायचं ते नेमकं फोडणीच्या वेळेला.

"वहिनी, हे एकच बघा."

"कालही एकच होता. पोळी करपली माझी."

"बघा तरी, आतून कसं जांभळं आहे."

"स्थळांचे फोटो दाखवले तेव्हा मान वर केली नाहीत, आणि आता पाकळ्या मोजत बसता!"

"फुलं नकार देत नाहीत, वहिनी."

एकदा मी म्हटलं, एवढी फुलं बघता तर देवासाठी चार आणत जा की. तर म्हणाले, "देवानेच ती तिथे ठेवलीत. मी कशाला जागा बदलू?" रोज पूजेला बसते ती मी. फुलं मी आपली फुलवालीकडूनच घेते.

अलीकडे त्यांना वेड लागलं होतं ते नर्सबाईंच्या भिंतीवरच्या निळ्या गारवेलीचं. ती फुलं सकाळी उमलतात आणि ऊन चढलं की मिटतात. म्हणून भाऊजींची तिथली वेळ ठरलेली. आणि नेमकी तीच वेळ बाईंची घरी येण्याची.

संध्याकाळी मी दोघा भावांसमोर सगळं सांगितलं. भाऊजींचा चेहरा पांढरा पडला. हे म्हणाले, "काढून टाक ते फोटो आणि त्या गल्लीत पाऊल टाकू नकोस. विषय संपला."

"काढून टाकले तर मी तसलाच होतो असं होईल, दादा."

"मग काय गळ्यात अडकवून फिरणार आहेस?"

भाऊजी उठले. मोबाईल कपाटावर ठेवला आणि त्या दिवसापासून घरात बसले. तेच वर्तमानपत्र पुन्हा पुन्हा वाचायचे. इस्त्रीवाल्याकडेसुद्धा जाईनात. "सगळ्यांना कळलं असेल," एवढंच म्हणायचे. एवढ्या वर्षांत ज्याच्याकडे कुणी बोट दाखवलं नाही, तो माणूस स्वतःच्याच घरात चोरासारखा वावरायला लागला. ताटात वाढलेलं तसंच राहायला लागलं.

माझ्या दिराबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. पण नर्सबाईंचंही काही चुकलं नव्हतं. रात्रभर राबून आलेल्या बाईने खिडकी उघडावी आणि समोर मोबाईल रोखलेला परका पुरुष! मी असते तर बादलीभर पाणी ओतलं असतं. दोघंही खरे, आणि मध्ये ती वेल. शेवटी मीच पदर खोचला.

"भाऊजी, उठा. शर्ट बदला, मोबाईल घ्या."

"कुठे?"

"नर्सबाईंकडे. झोप झाली असेल त्यांची आता."

"हाकलून दिलं तर?"

"तर परत येऊ. आपल्याला घर आहे."

निघताना देवापुढे हात जोडले. मागितलं एवढंच, की माझ्या तोंडून तावातावाने काही निघू नये.

बाईंनी दार साखळी लावूनच उघडलं. पन्नाशीच्या, केस पिंजारलेले, डोळ्यांत झोप. भाऊजींना पाहून त्यांनी ओठ घट्ट मिटले. मी म्हटलं, "हे माझे दीर. यांनी काढलेले फोटो तुम्ही स्वतः बघा. मग जे करायचं ते करा, आम्ही आडवं येणार नाही."

साखळीच्या फटीतून मोबाईल आत गेला. आधी त्या भराभर बोट फिरवत होत्या. मग हळू झाल्या. कळी, अर्धवट उमललेलं फूल, फुलावर मुंगी, पुन्हा कळी. एका जागी थांबल्या.

"यात मी आहे. कपडे वाळत घालतेय."

भाऊजींनी वाकून पाहिलं. "खरंच. मला दिसलाच नाहीत तुम्ही."

"हा काढून टाका. आणि हा पुढचाही."

"काढतो." त्यांनी तिथेच, बाईंच्या देखत, दोन्ही फोटो पुसले.

"अहो, पण रोज येता, एकदा हाक मारून विचारायचं तरी!"

भाऊजींनी मोबाईल खाली केला. मग म्हणाले, "मी लिफ्टमन होतो, बाई. लोक माझ्यासमोर भांडायचे, रडायचे, पगाराच्या गोष्टी करायचे. मी आहे हे कुणाच्या लक्षातच यायचं नाही. मला सवयच झाली. वाटलं, रस्त्यावरही मी कुणाला दिसत नसेन."

इतक्या वर्षांत हे मला कधी बोलले नव्हते. घरात मीसुद्धा फोडणीकडेच बघत त्यांच्याशी बोलत आले.

"चांगले दिसता की," बाई म्हणाल्या. "भिंतीखाली गुडघ्यावर बसता, उठताना कण्हता, ते मला आतपर्यंत ऐकू येतं." मला हसू आलं. बाईंनाही आलं असावं, कारण साखळी निघाली. "आणि काढता ते काय, सगळ्या पाठी! फुलांची तोंडं आत अंगणाकडे आहेत, उन्हाच्या बाजूला."

"पाठी?" भाऊजी दचकले. मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन पाहू लागले. पोलिसाचं नाव ऐकूनही एवढे हादरले नव्हते.

"माझी सुट्टी असेल त्या सकाळी या. दोघं या, आणि आधी बेल वाजवा. आता काही मिळायचं नाही, सगळी मिटलीत."

आम्ही वळलो तशी त्यांनी मागून हाक मारली, "अहो लिफ्टमन, उंच आहात म्हणून विचारते. वाऱ्याने वेल एका बाजूने सुटलीये, माझा हात पोचत नाही. याल तेव्हा बांधून द्याल?"

"देतो की," भाऊजी म्हणाले, आणि लगेच वर बघत वेल कुठून सुटलीये ते शोधू लागले.

रात्री वाढलेलं सगळं जेवले. वर भात मागून घेतला. "बाईने माफ केलं का रे?" असं यांनी विचारलं, तर म्हणाले, "माफ कुठलं, कामाला लावलंय."

बाईंची सुट्टी परवा आहे. उद्या सकाळी चहा झाला की भाऊजी हार्डवेअरच्या दुकानातून वेल बांधायला सुतळी आणणार आहेत.