सखूबाईचा डावा डोळा

दुष्काळात मेंढरं विकून सखूबाई आणि तिचा नवरा मुंजाबा पिशोर गावाहून शहरातल्या मुकुंदवाडीत आले. नव्या इमारतींवर दोघांना काम मिळालं. पुढच्या वर्षी सखूबाईचा डावा डोळा हळूहळू बाहेर येऊ लागला. दुखत नव्हता, म्हणून ती विटा वाहत राहिली. पण एकाचे दोन दिसायला लागले आणि ती शिडीवरून पडता पडता वाचली, तेव्हा मुंजाबानं तिला दवाखान्यात नेलं.

स्कॅन बघून डॉक्टरबाई म्हणाल्या, “मावशी, डोळ्यामागं खोबणीत गाठ आहे. ती काढावी लागेल. फार चिकटलेली असली तर डोळाही जाऊ शकतो. ते आत गेल्यावरच कळेल.”

“म्हंजी मला उठल्यावरच कळायचं?”

डॉक्टरबाईंनी होकारार्थी मान हलवली.

ऑपरेशनला नेताना सखूबाईनं मुंजाबाला थांबवलं. चांगला डोळा तळव्यानं झाकून तिनं डाव्या डोळ्यानं नवऱ्याकडं पाहिलं. तो धुरकट दिसला.

“अवं, जरा जवळ या. ह्या डोळ्यानं एकदा बघून घेते.”

मुंजाबा वाकला.

शुद्धीवर आल्यावर पट्टीखाली काय आहे, हे विचारायचा तिला धीर होईना. मुंजाबाच्या डोळ्यांत पाणी बघून तर तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

“डोळा हाय, सखू,” तो म्हणाला. “गाठ तपासाया धाडलीय.”

तपासणीचं कळेपर्यंत तिला घास गिळवला नाही. गाठ साधी निघाली, कॅन्सरची नव्हती. नजर मात्र अंधूकच राहिली. तपासणीचं कळलं त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून ती मुंजाबाला म्हणाली, “आता लई भूक लागली.”