फूटपट्टीची दुरंगी बिस्किटं

माझ्या थोरल्या नणंदेला आमच्या गल्लीत सगळे फूटपट्टी म्हणतात. हे नाव मीच ठेवलं, तेही लग्न होऊन घरात आल्या आल्या. वन्सं तेव्हा कपड्यांच्या कारखान्यात कापड कापायला होत्या. टेबलावर कापडाचे थरावर थर, हातात वीतभर पात्याची कात्री, आणि खडूची खूणही न करता सरळसोट काप. घरीही तीच तऱ्हा. दोरीवर टॉवेल वाकडा पडला असेल तर त्या उठून सरळ करणार आणि मग सावकाश माझ्याकडे बघणार. नाकावर माशी बसू देणार नाहीत. मी पडले कानामागून आलेली आणि तिखट, त्यामुळे आमचं सख्य विळ्याभोपळ्याचं.

पण खरं ते सांगायला हवं. त्यांच्या दुरंगी बिस्किटांपुढे माझी जीभ कधी वळवळली नाही.

कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्या बायका रडल्या, वन्संनी ओव्हन आणला. एवढा मोठा, की स्वयंपाकघरात आम्हाला अंग तिरकं करून चालावं लागे. बिस्किट म्हणजे तळहाताएवढं, केकसारखं मऊ. भाजून गार झालं की ते उलटं करायचं, कारण सपाट बाजू खालची. त्या सपाटीवर अर्ध्या भागात पांढरं आयसिंग आणि अर्ध्यात चॉकलेटचं. पिठीसाखर चाळून घेऊन त्यात गरम पाणी थेंबाथेंबानं घालायचं, वर थोडा लिंबाचा रस. चमच्यानं धार सोडली की ती बघता बघता आतच विरली पाहिजे. मग वन्सं सुरीच्या टोकानं मधोमध पांढरी रेघ ओढत आणि तिथून कडेपर्यंत आयसिंग ढकलत नेत. ते सुकलं की दुसऱ्या बाजूला चॉकलेट. दोन्ही रंग एकमेकांना खेटून बसत, पण इकडचा थेंब तिकडे जात नसे. मी एकदा गुपचूप त्यांच्याच पट्टीनं ती रेघ तपासली होती. पट्टीच हरली.

कुणाचा वाढदिवस असो, कुणाची बदली असो, गल्लीत बिस्किटं वन्संचीच.

गेल्या थंडीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा बोलणं शाबूत होतं, काठी घेऊन चालता येत होतं, डावा हात तेवढा लुळा होता. आम्ही म्हटलं, थोडक्यात निभावलं. मग एक दिवस जेवता जेवता त्या माझ्यावर डाफरल्या. “एवढंसंच वाढतेस होय गं? आजारी माणसाला उपाशी मारणार आहेस का?”

मी ताटात पाहिलं. अर्धा भात, सगळे बटाटे, सगळं जागच्या जागी होतं. “अहो वन्सं, अर्धं ताट तसंच आहे की!”

“कुठाय?”

माझं डोकं सणकलं. मी ताट गर्रकन फिरवलं आणि त्या शांतपणे म्हणाल्या, “हं. आता वाढलंस.” आणि जेवायला लागल्या. माझा राग तोंडातल्या तोंडातच राहिला. सकाळी त्यांनी केसही उजवीकडचेच विंचरले होते, ते मला तेव्हा उमगलं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. डोळे ठणठणीत आहेत, मेंदू डावी बाजू विसरलाय. तिथे त्यांना अंधार दिसतो असंही नाही. त्यांच्या लेखी डावीकडे काही नाहीच, आणि आपलं काही हरवलंय हेही त्यांना जाणवत नाही. हे ऐकून मी घरी आले आणि आरशापुढे उभी राहून अर्धी मी कशी विसरता येईल ते बघत राहिले. नाही जमलं. कुणाला जमेल?

माझ्या नवऱ्याला ते पाहवेना. आई लवकर गेली, तेव्हापासून वन्संनीच त्याला वाढवलेलं. त्यानं एका संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला सांगून टाकलं, ओव्हन घेऊन जा. रोज तो समोर दिसणार आणि ताईचा जीव तुटत राहणार, त्यापेक्षा नकोच.

वन्संना कळलं तेव्हा त्या ओरडल्या नाहीत. त्यानंच मी घाबरले. “मला एक बिस्किट करू दे,” त्या भावाला म्हणाल्या. “आयसिंग माझ्या हातचं, दोन्ही रंगांचं, धड. नाही झालं तर ओव्हन न्यायला दार मीच उघडेन.”

पीठ मी मळलं, म्हणजे त्या बोलत होत्या आणि मी बोलणी खात होते. बिस्किटं भाजून, गार करून, उलटी करून एक बशीत त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी उजव्या हातात सुरी घेतली. सुरी अजिबात थरथरली नाही. पांढरं आयसिंग मधोमध उतरलं, उजव्या कडेपर्यंत गेलं, गुळगुळीत. माझा जीव भांड्यात पडायच्या बेतात होता, तेवढ्यात वन्संचा चेहरा पडला.

“सगळंच पांढरं करून ठेवलं मी,” त्या म्हणाल्या. “चॉकलेटला जागाच ठेवली नाही.”

डावं अर्धं बिस्किट कोरं करकरीत पडलं होतं.

“ताई, डावीकडे बघ ना,” नवरा म्हणाला आणि त्यानं बशी फिरवली. वन्संनी कोरी बाजू पाहिली आणि त्या भडकल्या. “हे दुसरंच बिस्किट ठेवलंस! मला काय लहान मूल समजतोस?” त्यानं बशी पुन्हा होती तशी फिरवून ठेवली, खिडकीपाशी गेला आणि तिथेच पाठ करून उभा राहिला. बेकरीवाला तोवर हातगाडी घेऊन आला होता. तो दारातच चपला काढून थांबला.

मी तरी काय सांगणार? जे त्यांच्यासाठी जगातच नाही ते आहे म्हणून कसं पटवणार?

वन्सं बराच वेळ त्या बिस्किटाकडे बघत होत्या. मग त्यांनी सुरी ठेवली आणि उजव्या हाताचं बोट बिस्किटाच्या कडेवर टेकवलं. बोट कडेकडेनं हळूहळू पुढे गेलं, वळलं आणि डावीकडे शिरलं. तिथे ते त्यांना दिसेनासं झालं असावं, कारण त्या दचकल्या. पण बोट थांबवलं नाही. ते तसंच कडेला धरून फिरत खालून परत उजवीकडे आलं.

त्यांनी पुन्हा तसंच केलं. मग पुन्हा.

“बोट जातं,” त्या हळूच म्हणाल्या, “आणि परत येतं. मधे कुठे कड तुटत नाही.” मग आमच्या कुणाकडे न बघता म्हणाल्या, “म्हणजे तिकडे आहे.”

मी आजवर पुष्कळ हुशार माणसं पाहिली, पण स्वतःचे डोळे खोटं बोलतायत हे एका बोटानं पकडणारं माणूस पाहिलं नव्हतं. जे दिसत नाही, आठवतही नाही, ते आहे असं मानून पुढे जायचं, आणि तेही रागाच्या भरात नाही, शांत डोक्यानं. बेकरीवाल्यानं तर अक्षरशः तोंडात बोट घातलं होतं.

पांढरं सुकेपर्यंत कुणी हललं नाही. मग वन्संनी स्वतःच बशी फिरवली. कोरी बाजू उजवीकडे आली आणि पांढरं त्यांच्यासाठी नाहीसं झालं. चॉकलेट कुठून सुरू करायचं ते आता दिसणार नव्हतं. त्यांनी डोळे मिटले. सुरीचं पातं बिस्किटावरून डावीकडे सरकवत नेलं, सुकलेल्या पांढऱ्याच्या उंचवट्याला ते अडलं, तिथे थांबल्या. कापडाची दुमड चाचपावी तसा तो उंचवटा सुरीनं चाचपला आणि त्याला लागून चॉकलेट सोडलं. मग डोळे उघडून ते कडेपर्यंत पसरवलं.

सुरी खाली ठेवून त्यांनी मला हाक मारली. भावाला नाही, मला.

“दोन्ही आहेत?”

“आहेत.”

“मला आता एका वेळी एकच दिसणार. रेघ सरळ आहे?”

मी वाकून पाहिलं. रेघ सरळ होती, पण वरच्या टोकाला चॉकलेट पांढऱ्यावर चढलं होतं. नखाएवढं, पण चढलं होतं. वन्संच्या पाठीमागून नवरा मला मानेनं खुणावत होता, हो म्हण, हो म्हण. दारात बेकरीवाला उभा. एक शब्द बोलले असते तर ओव्हन राहिला असता. पण माझ्या मनात आलं, यांचं अर्धं जग आता दुसऱ्याच्या शब्दावर उभं राहणार आहे. तिथे पहिलाच शब्द खोटा टाकू?

“नाही, वन्सं,” मी म्हटलं. “वरच्या टोकाला चॉकलेट पांढऱ्यावर गेलंय.”

नवऱ्यानं कपाळावर हात मारला. वन्सं मान हलवून म्हणाल्या, “तिथेच सुरी घसरली होती. मला हाताला लागलं होतं.”

त्यांनी दाराकडे पाहिलं. “दादा, गाडी रिकामी न्या. ओव्हन राहणार. रेघ आज ना उद्या सुधारेल. ती खरी कशी आहे ते सांगणारं माणूस घरात आहे का, एवढंच मला बघायचं होतं.”

मला रडू फुटलं. ते त्यांना दिसू नये म्हणून मी पटकन त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले.

“रडून झालं,” समोर बघतच वन्सं म्हणाल्या, “की दुसरं बिस्किट दे.”