केळीच्या रानात कॅसिनो

आमच्या गावच्या केळीच्या शिवारात, नांदेडजवळच्या अर्धापूरच्या अलीकडं हायवेला लागून, मोठं हॉटेल आणि कॅसिनो होणार ही बातमी मला लातूरला फोनवर कळली. फोन आईचा होता. एरवी ती दोन वाक्यांत बोलणं संपवते, त्या दिवशी थांबेना.

"गोव्यात हाय तसंच इथं करून राहिलेत म्हणे. आपल्या पोराला लगेच घेतील. त्याला तर सगळं काम येतं."

माझा धाकटा भाऊ तेव्हा गोव्यात, नदीतल्या बोटीवरच्या कॅसिनोत होता. टेबलामागं उभं राहून पत्ते वाटायचं काम. नांदेडला हॉटेल मॅनेजमेंट शिकला आणि पहिली नोकरी मिळाली ती ही. गावात आई "पोरगा हॉटेलात आहे" एवढंच सांगायची. आमच्याकडं हॉटेल म्हणजे चहा-भज्यांचं, त्यामुळं तो कुठंतरी कपबशा विसळतो असंच पुष्कळांना वाटायचं. या बातमीनंतर मात्र आईनं सरपंचबाईंना त्याचं खरं काम अभिमानानं सांगून टाकलं. वडील गेल्यापासून ती घरात एकटी होती. तिला कॅसिनोशी काही देणंघेणं नव्हतं, पोरगा घरी यायला हवा होता.

ग्रामसभेला भाऊ सुटी काढून आला, मीही गेले. कंपनीचा माणूस पांढऱ्या शर्टातला, नम्र, चांगलं बोलणारा. त्यानं मंडपात पडदा लावून हॉटेलची चित्रं दाखवली. कॅसिनोची परवानगी मिळवायचं आमच्यावर सोडा, म्हणाला. गावातल्या पोरांना कामं देऊ, म्हणाला. मागं उभी असलेली पोरं पुढं सरकली. त्यातली बरीचशी पदवी घेऊन घरी बसलेली.

सरपंचबाई म्हणाल्या, "आपल्या गावचा एक जण असल्याच ठिकाणी काम करून राहिला. त्याला विचारू."

भाऊ उठला. पगार वेळेवर होतो, जेवण स्वच्छ असतं, मुलीही काम करतात, त्यांना घरी सोडायला गाडी असते, असं सगळं त्यानं सांगितलं. आई मान डोलवत होती. तेवढ्यात आमच्या चुलतीनं विचारलं, "तिथं खेळायला येतं कोण? बाहेरचे मोठे लोकच का?"

तो चुलतीकडं वळला.

"एकदा माझ्या टेबलावर एक माणूस बसला, काकू. त्याला बायकोचा फोन आला. 'हाव, दवाखान्यातच हाय, डॉक्टर यायचेत अजून,' असं सांगू लागला. बोलणं ऐकलं अन् कळलं, हा आपल्याकडचा. आम्हाला खेळणाऱ्यांशी जास्तीचं बोलायला मनाई. मी पत्ते वाटत राहिलो, तो हरत राहिला. उठताना त्यानं माझ्या छातीवरच्या नावाच्या पट्टीवर आडनाव वाचलं. 'नांदेडकडचा का रे?' म्हणाला. मी न्हाई म्हणलो."

"न्हाई का म्हणलास?" चुलतीनं विचारलं.

"त्याला लाज वाटली असती."

कंपनीचा माणूस समजुतीनं म्हणाला, "अशी माणसं थोडी असतात."

"गोव्याला जायचं तर माणूस चार वेळा विचार करतो," चुलती म्हणाली. "हे तर रस्त्यापलीकडं हाय."

हॉटेल करा, जुगार नको, असं शेवटी गावानं ठरवलं. वरिष्ठांशी बोलतो म्हणून तो माणूस गेला. पुन्हा कुणी आलं नाही.

घरी आईनं जेवायला वाढलं. मग म्हणाली, "तू ते सांगितलं नसतंस तर?"

"तर मला इथंच त्या टेबलामागं उभं राहावं लागलं असतं, माय. समोर आपलेच काका, मामा."

आईनं त्याच्या भातावर वरण वाढलं आणि आत गेली. ती रडत असावी. मी उठले नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचा शाळेतला मित्र दारात उभा राहूनच बोलला, "तू बाहेर जाऊन कमावलंस. आमचं मात्र होता होता बंद केलंस." भाऊ ऐकून घेत राहिला. मित्र गेल्यावर मला म्हणाला, "ताई, त्याचं बी खरंच हाय."

त्यानंतर तो गोव्यात फार काळ रमला नाही. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूंच्या एका हॉटेलात तो आता काउंटर सांभाळतो. पगार गोव्यापेक्षा कमी आहे. जागा निघाली तेव्हा त्यानं त्याच मित्राला तिथं लावून घेतलं. दोघं एकाच मोटरसायकलवर जातात-येतात, आणि वाटेत कडाक्याचं भांडतातही, असं आई सांगते.

तो आल्याशिवाय ती जेवत नाही. माझी वाट बघू नको म्हणून तो रोज चिडतो. ती ऐकून घेते आणि दोन ताटं मांडते.