चंदेरी रंगाचं गणित

सुधाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी चहाचं पातेलं उतरवत होतो. आधी बोटांची मागची बाजू हळूच लावून पाहिली... ही सवय त्याचीच. चाचणीला लावलेला ट्रान्सफॉर्मर किती तापलाय ते तो असंच पाहायचा. "तळवा भाजला तर लिवशील कशानं, येड्या?" म्हणायचा.

आम्ही दोघं देवगाव रंगारीचे. कारखान्यात शेजारी टेबलं, दुपारी एकच डबा. ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतून उष्णता किती बाहेर पडेल, हे मी मांडायचो, तो तपासायचा. बरोबर असलं की कोपऱ्यात हिरव्या शाईची खूण करायचा. त्या खुणेवर माझा देवापेक्षा जास्त भरवसा.

एकदा गिऱ्हाइकानं राखाडीऐवजी चकचकीत चंदेरी रंग मागितला. उन्हात तो बरा, पण हा ट्रान्सफॉर्मर बंद खोलीत बसणार होता, आणि चंदेरी पेटी अंगातली उष्णता राखाडीइतकी बाहेर टाकत नाही. मी गणित नव्यानं मांडलं, थंड करायच्या नळ्या वाढवायला हव्यात असं खाली लिहिलं. सुधाकरनं कागद तपासला. "बराबर हाय. मी देतो वर."

नळ्या वाढल्याच नाहीत. ट्रान्सफॉर्मर तापून जळाला. चौकशीत फायलीतून निघालं ते माझं जुनं, राखाडी रंगाचं गणित. मी सुधाकरकडं पाहिलं. तो मान खाली घालून म्हणाला, "असा दुसरा कागद मला तर दिसला नाय." मला गोदामात टाकलं, तो पुढं डिझाइनचा प्रमुख झाला. मी पुन्हा कधी गणिताला हात लावला नाही. आणि खरं सांगतो, इतकी वर्षं मीच त्याची बाजू घेत राहिलो. गहाळ झाला असेल, विसरला असेल बिचारा... बायको वैतागायची. दर दिवाळीला मी त्याच्याकडं फराळाला जायचो. आता स्वतःचीच लाज वाटते.

तेराव्यानंतर उस्मानपुऱ्यातल्या घरी वहिनींनी त्याची कामाची वही माझ्या हातात ठेवली. "तुमच्याकडंच राहू द्या, भाऊजी." पुठ्ठ्याच्या कव्हरात घडी घातलेला कागद होता. माझं अक्षर, चंदेरी रंगाचं गणित, कोपऱ्यात हिरवी खूण. फाडून टाकला असतास तर एक वेळ समजून घेतलं असतं, सुधाकर. जपून कशाला ठेवलास?

वहिनी पाणी घेऊन आल्या. "कामाचं हाय का काही?"

"होतं," मी म्हणालो.