हातासकट

"तू नको हात लावूस त्या कुपीला. कल्याणी ठेवेल."

बर्फाची पेटी नुकतीच उघडली होती. आत एवढीशी कुपी, करंगळीएवढी, गडद तपकिरी. सगळी लॅब किती दिवस जिची वाट बघत होती ती अँटीबॉडी. मी पेटीच्या सगळ्यात जवळ होते, हातमोजे घातलेलेच होते, म्हणून हात पुढे केला. माझ्या पीएचडीच्या गाईड मॅडम मागून बोलल्या आणि माझा हात तिथेच थांबला.

"मॅडम, मी फक्त फ्रिजमध्ये..."

"कळलं गं. पण अशा वस्तू हाताळायचं वळण घरातनं यावं लागतं. शिकवून येत नाही ते."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळे एकदम आपापल्या कामाला लागले. माझ्यासोबतच पीएचडी करणाऱ्या कल्याणीने कुपी उचलली, फ्रिजमध्ये ठेवली. मी हातमोजे काढले. हळूहळू काढले, कारण नंतर त्या हातांचं काय करायचं ते सुचत नव्हतं.

दारातून मॅडम वळल्या. "आणि हो, उद्या लवकर ये. ब्लड लागेल तुझं."

मी म्हणाले, "हो मॅडम."

ते 'हो मॅडम' मला अजून खातं. अपमान त्यांनी केला, पण 'हो' मी म्हणाले.

हे रक्ताचं काय ते सांगते. आमची लॅब रोगप्रतिकारशक्तीवर काम करते. रक्तात ज्या लढणाऱ्या पेशी असतात, त्यांच्या अंगावर एक रिसेप्टर असतो, सीसीआर-सेव्हन. शरीरातल्या लसिका गाठींकडून रसायनाची हाक येते, ती या रिसेप्टरला कळते आणि पेशी तिकडे चालायला लागते. आमची अँटीबॉडी नेमकी त्यालाच जाऊन चिकटते. तिला रंग जोडलेला असतो, त्यामुळे लेझरच्या मशीनमध्ये ती पेशी चमकते. कुठली पेशी हाक ऐकते आणि कुठली नाही, ते असं दिसतं. ही अँटीबॉडी जात बघत नाही वगैरे मी लिहिणार नाही. तिला काय कळतंय? बघणारी माणसं होती.

आजारी माणसाच्या पेशी ताडून बघायला धडधाकट माणसाच्या पेशी लागतात. त्यासाठी लॅबमधलीच मुलं हात पुढे करतात. बऱ्याच ठिकाणी ही रीत आहे, त्यात वाईट काही नाही. आमच्याकडे मात्र ती पाळी हळूहळू माझीच झाली. कुणाला चक्कर यायची, कुणाचा उपास असायचा, कुणाचं हिमोग्लोबिन कमी. मी खडकीची. बाप दारूगोळा कारखान्यात, वाढले क्वार्टर्समध्ये, तब्येत दणकट. मॅडम म्हणायच्या, "तुझ्या पेशी काय छान येतात गं!" आणि मी फुगायचे. खरंच फुगायचे.

फक्त हात मी नेहमी डावा द्यायचे. डावीकडची शीर बारीक. रक्त काढणाऱ्या सिस्टर टोचायच्या, शोधायच्या, पुन्हा टोचायच्या. उजवीकडची चांगली जाड, वर आलेली. पण उजव्या हातावर, कोपराच्या जरा खाली, निळं धम्मचक्र गोंदलेलं आहे. लहानपणी आजोबांनी हौसेनं गोंदवलं. आमच्या वस्तीत घरोघरी ते चक्र. ते पाहिलं की आडनाव विचारायची गरज पडत नाही. आणि माझं आडनाव असं, की पुण्यात ते दोन्हीकडे खपून जातं. म्हणून पूर्ण बाह्या. भर एप्रिलमध्ये पूर्ण बाह्या. "उकडत नाही का गं तुला?" "नाही, लॅबमध्ये एसी असतो ना."

एक दिवस डावी शीर सापडेचना. सिस्टर वैतागल्या. "अगं, उजवा दाखव की! सोन्याच्या बांगड्या लपवल्यात का?" आणि त्यांनीच बाही सर्रकन वर केली. मॅडम शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी चक्राकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"अय्या! मला वाटलं तू आमच्यातलीच."

जांभळ्या टोपणांच्या नळ्या भराभर भरल्या. मी मान खाली घालून बसले होते, चोरी पकडली गेल्यासारखी. कसली चोरी? माझाच तर हात होता! पण तेव्हा हे सुचलं नाही. कानशिलं तापली होती आणि बाही कधी एकदा खाली करते असं झालं होतं.

त्या दिवसापर्यंत जुन्या अँटीबॉडीचं सगळं काम मी करायचे. त्यानंतर ते कल्याणीकडे गेलं. कुणी काही जाहीर केलं नाही. असलं काही जाहीर करायची पद्धतच नाही आमच्याकडे. दुपारी मी डबा घेऊन पोचले की इतरांचे डबे धुवायला गेलेले असायचे. एवढंच. आणि मग नवी कुपी आली, तेव्हा ते सगळ्यांसमोर तोंडाने बोलून झालं.

दुसऱ्या दिवशी मी गेले. उजवा हात दिला. दुपारी खराडीच्या एका कंपनीतून पाहुणे आले. पडद्यावर ठिपक्यांचा ढग होता, त्यात एक घोळका वेगळा, चमकणारा. "बघा, किती स्वच्छ वेगळा आलाय," मॅडम म्हणाल्या, "हा आमच्या कल्याणीचा हात!" मी मागे उभी. कोपराला कापूस अजून चिकटवलेला. चमकत होत्या त्या माझ्या पेशी.

एका पाहुण्याने विचारलं, "आणि डोनर?"

"डोनर काय हो, मिळतात."

मी तिथून घरी आले. आई मेथी निवडत बसली होती. हात धुवायला मी बाही वर केली आणि तिने कोपराचं काळंनिळं पाहिलं. "हे कशानं?" मग मी सगळं सांगितलं. कुपीचं, पाहुण्यांचं, सिस्टरने बाही वर केली त्याचं. ती मेथीची पानं खुडत राहिली. शेवटी माझ्या कुर्त्याकडे बघत म्हणाली, "आणि ह्या लांब बाह्या? मला वाटायचं, तुला ऊन लागतं."

मॅडमच्या बोलण्याने जेवढी लाज वाटली नव्हती तेवढी तेव्हा वाटली. तिच्याही हातावर तेच चक्र आहे. ती ते उघडं टाकून बाजारात जाते, बँकेत जाते, माझ्या कॉलेजच्या समारंभाला तशीच आली होती. आणि मी? मी तिलाच झाकून फिरत होते.

पुढच्या वेळी सिस्टरने दंडाला बांधायचा पट्टा बाहेर काढला तेव्हा मी उजवी बाही स्वतः वर केली. मॅडम होत्याच.

"मॅडम, रक्त देते. पण त्यावरचं काम मी करणार. कुपी मी उघडणार."

"अटी घालतेस? हे स्वेच्छेचं काम आहे, बाई."

"हो ना. मग इच्छा नाही."

त्या हसल्या. "ठीक आहे. तुझ्यावाचून काही अडत नाही. कल्याणी, बस गं."

कल्याणी पांढरीफटक पडली. "मॅडम, मला सुई बघितली तरी..." मग त्यांनी बाकीच्यांकडे पाहिलं. जो तो जमिनीकडे बघत होता. सिस्टरने पट्टा गुंडाळून ठेवला. त्या दिवशी प्रयोग झाला नाही.

जाताना मॅडम माझ्याजवळ थांबल्या. आवाज अगदी गोड. "थीसिसवर सही माझी लागते. लक्षात आहे ना?"

"आहे, मॅडम."

 बाही मी खाली केली नाही.

सही होईल की नाही, मला माहीत नाही. मी दुसरा गाईड मागितलाय. लेखी तक्रार दिली आहे, खाली स्वतःचं नाव घालून. 'कशाला वाढवतेस' असं सांगणारे भेटतात, रोज भेटतात. मी आखूड बाह्यांचा कुर्ता घालून लॅबमध्ये जाते, फ्रिज उघडते, कुपी बाहेर काढते आणि माझं काम करते. अडवायचं असेल त्याने सगळ्यांसमोर अडवावं, कारण सांगून अडवावं.

रक्त लागलं तर आजही देईन. पण नुसतं रक्त आता मिळणार नाही. घ्यायचं तर हातासकट घ्या.