सशाचं रक्त आणि स्पंजची गादी

शहाता पिंजाऱ्याला आयुष्यात दोन गोष्टींचा मनापासून राग होता, एक ओल्या कापसाचा आणि दुसरा स्पंजच्या गाद्यांचा. नाईलकाठच्या समन्नूद गावात लग्न ठरलं की मुलीच्या दारात तो धनुकली घेऊन बसायचा, रजईचा कापूस पिंजायचा आणि त्याबरोबर नवऱ्यामुलाचं सगळं घराणंही पिंजून काढायचा. पुढे कारखान्याच्या गाद्या आल्या आणि त्याचं काम निम्म्यावर आलं. जीभ मात्र होती तेवढीच राहिली.

त्या जिभेनंच घात केला. त्याची बायको इन्शिराह, तिची थोरली बहीण रौहिया. रौहियाच्या मुलीचं, बुदूरचं लग्न निघालं आणि रौहियानं घरचा पिंजारी सोडून कैरोहून स्पंजच्या दोन गाद्या मागवल्या, एक लेकीला आणि एक स्वतःला. सामानाचा ट्रक भोंगा वाजवत गल्लीत शिरला तेव्हा शहाता सगळ्यांसमोर ओरडला, "ही गादी आहे की भांडी घासायचा चोथा?"

रौहिया कुणाचं ऐकून घेणारी नव्हती. "चोथा असेल, पण त्यात ढेकूण होत नाहीत!"

गल्लीभर हशा पिकला. शहातानं त्याच पावली बायकोला घरी आणलं आणि त्या घरची पायरी चढायची नाही म्हणून बजावलं. इन्शिराह चढली नाही. ती भाजीबाजारात बहिणीला चोरून भेटायची, आणि हे शहाता सोडून साऱ्या गावाला माहीत होतं.

मग इन्शिराहच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा शेजारच्या शहरातल्या इस्पितळात रक्त धुवायला जायचं, घरी येऊन आडवं पडायचं, असे दिवस आले. गच्चीवर तिनं पाळलेले ससे होते, जिना चढायची ताकद तिच्यात राहिली नाही. शहाता त्यांना बरसीमचा हिरवा चारा घालू लागला आणि घालता घालता त्यांच्याशीच बोलू लागला, कारण खाली बोललं तर तिला ऐकू गेलं असतं.

"मी देतो किडनी," त्यानं गल्लीत जाहीर करून टाकलं. रक्तगट जुळला. शेवटची एक तपासणी राहिली होती, ती इस्पितळाच्या तळघरात डॉक्टर इब्तिहाल करायच्या. त्यांनी त्याला बोलावून घेतलं.

"अम्म शहाता," काका म्हणावं तशा आदरानं त्या म्हणाल्या, "तुमची किडनी नाही चालणार."

"का? सिगारेट सोडली मी! मीठसुद्धा सोडलं!"

"किडनी उत्तम आहे. पण इन्शिराहबाईंचं रक्त ती ठेवून घेणार नाही. तुमच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घेतल्या, त्यांच्यावर बाईंच्या रक्तातलं पाणी घातलं, मग त्यात थोडं सशाच्या रक्तातलं पाणी घातलं. तुमच्या पेशी मेल्या. सगळ्या."

एवढ्या सगळ्यातून शहाताच्या कानात एकच शब्द अडकला. "सशाच्या? कुठला ससा?"

"परदेशातून येतं ते, बाटलीत."

शहाता घरी गेला आणि धुमसत बसला. परदेशी ससा! त्याला काय कळणार समन्नूदमध्ये कोण कुणाचं? त्यानं बरसीम तरी पाहिली आहे का कधी? पुढच्या खेपेला त्यानं गच्चीवरची करडी सशीण टोपलीत घातली, वर फडकं बांधलं आणि टोपली डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवली.

"ही घ्या. हिला आमच्या घरचं सगळं ठाऊक आहे. हिच्या रक्तानं परत तपासा."

तंत्रज्ञ पोरी तोंडावर हात धरून बाहेर पळाल्या. डॉक्टर इब्तिहाल हसल्या नाहीत. त्यांनी चहा मागवला, त्याला खुर्ची दिली.

"सशाचा काही दोष नाही, अम्म शहाता. रक्तात पूरक प्रथिनं म्हणून असतात. सशाच्या असतात, तुमच्या असतात, माझ्याही. गल्लीतला पहिलवान समजा. आपणहून कुणाच्या अंगावर जात नाही. पण कुणी एखाद्या दारावर खडूनं खूण केली, की ते दार फोडल्याशिवाय राहत नाही. सशाचा पहिलवान जरा जास्त तगडा, म्हणून तपासणीला तो घेतो. तुमच्या दारावरची खूण मात्र त्याची नाही. ती इन्शिराहबाईंच्या रक्तानं केलीय."

"तिनं? मी तिचं काय वाकडं केलं?"

"चार मुलं दिलीत. पोटातल्या मुलात अर्धे तुम्ही असता. त्यातलं थोडं आईच्या रक्तात मिसळतं आणि रक्त ते विसरत नाही. मुलाला ते पोटात जपतं. पण तुमची किडनी आत बसवली, तर बाईंचे स्वतःचे पहिलवान तिच्यावर तुटून पडतील. शस्त्रक्रियेच्या टेबलावरच ती काळी पडेल."

"मग मुलांपैकी कुणाची..."

"चौघांचीही तपासणी झाली. तीच खूण आहे. बाईंना सख्खी बहीण किंवा भाऊ?"

शहातानं टोपलीकडे पाहिलं. सशीण फडक्यातून नाक बाहेर काढून त्याच्याकडेच बघत होती.

कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नसतं, आणि हातात तर टोपलीच होती. तो तसाच रौहियाच्या दारात जाऊन उभा राहिला.

"कोण मेलं?" दार उघडून रौहियानं विचारलं.

"कुणी नाही."

"मग तू इथे कसा?" तिनं टोपली काढून घेतली, सशीण कोपऱ्यात ठेवली आणि त्याला आतल्या खोलीत नेलं. तो खुर्चीकडे वळला. "खुर्ची नाही. त्या गादीवर. आडवा हो."

"उम्म बुदूर," लेकीच्या नावानं तिला हाक मारत तो म्हणाला, "मी जरा कामासाठी..."

"आडवा हो म्हटलं ना!"

शहातानं चपला काढल्या आणि स्पंजवर पाठ टेकली. पाठ आत गेली, कंबर वर राहिली. ह्या गादीबद्दल सांगण्यासारखं त्याच्याकडे तासभर पुरेल इतकं होतं.

"कशी आहे?"

"चांगली आहे."

"ऐकू नाही आलं."

"चांगली आहे, उम्म बुदूर. फार चांगली आहे."

ह्या माणसानं आजवर कुणाकडे दोऱ्याचं रीळसुद्धा उसनं मागितलं नव्हतं. मागायचं कसं हेच त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्यानं छताकडे बघत नुसतं सांगून टाकलं. "इन्शिराहला किडनी हवीय. माझी चालत नाही. मुलांचीही चालत नाही."

रौहिया गादीच्या कडेला बसली. "हे सांगायला इतके दिवस लावलेस? मी काय तुझ्या दाराशी येऊन भीक मागायची होती, की माझी घ्या म्हणून?" ती रडत होती आणि रागावलीही होती. "ऊठ आता. गादी दबते. कधी येऊ ते सांग."

तपासणी झाली. रौहियाच्या पेशी जिवंत राहिल्या. तंत्रज्ञ पोरीनं ही बातमी आनंदाच्या भरात फोनवर सांगून टाकली आणि शहातानं अख्ख्या गल्लीला लाल सरबत वाटायला घेतलं. ग्लास अर्धे वाटून झाले असतील, तेवढ्यात डॉक्टर इब्तिहाल यांचाच फोन आला. लगेच या म्हणाल्या.

"ज्या पेशी मरायलाच हव्या होत्या, आम्ही खात्रीसाठी दर वेळी सोबत ठेवतो त्या, त्यासुद्धा जिवंत आहेत," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "वीज गेली होती, शीतकपाट तापलं. सशाच्या रक्तातली ती प्रथिनं उष्णतेनं निकामी होतात. पहिलवानच झोपला होता, अम्म शहाता. तो झोपला तर खूण असो नसो, कुणीच मरत नाही. रौहियाबाईंच्या पेशी जगल्या, याला आता काही अर्थ नाही."

शहाताच्या बोटांना सरबताचा चिकटपणा तसाच होता. आता जर उत्तर 'नाही' असं आलं, तर विचारायला ह्या जगात आणखी कुणी उरलं नव्हतं.

नवी बाटली कैरोहून बर्फातून आली. डॉक्टरबाईंनी रौहियाचं रक्त घेतलं आणि मग शहाताकडे वळल्या. "बाही वर करा."

"माझी? मी तर नापास आहे."

"म्हणूनच. आमची नेहमीची खात्रीची परीक्षा असतेच, पण ह्या वेळी मला आणखी एक साक्षीदार हवाय. इन्शिराहबाईंच्या रक्तात तुमच्या पेशी मेल्याच पाहिजेत. तुमच्या मेल्या, तरच रौहियाबाईंच्या जगल्या यावर मी विश्वास ठेवीन."

शहातानं इतक्या घाईनं बाही वर ओढली की शिवण उसवली. आपल्याकडून बायकोला द्यायला काहीच उरलं नाही, हे त्याला आतून खात होतं. आता निदान हे तरी होतं. बाहेरच्या बाकावर तो आणि रौहिया शेजारी शेजारी बसले. त्याचे ओठ हलत होते. "या रब, माझ्या मरू देत. एकही वाचवू नकोस."

"मरतील रे, मरतील," रौहिया म्हणाली. "तुझ्याबरोबर एवढा संसार केलाय तिनं. तिचं रक्त आलेली संधी कशाला सोडेल?"

शहाता हसला आणि हसता हसताच त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. रौहियानं आपल्या ओढणीचं टोक त्याच्यापुढे धरलं.

डॉक्टरबाईंनी दोघांना आत बोलावलं. "बघा," म्हणून त्यांनी सूक्ष्मदर्शक त्याच्याकडे सरकवला. "मेलेल्या पेशीत निळा रंग शिरतो. ह्या तुमच्या."

सगळीकडे निळंच निळं. "अल्हम्दुलिल्लाह!" शहाता ओरडला. अशा निकालावर देवाचे आभार मानणारा माणूस त्या खोलीनं तोवर पाहिला नव्हता.

"आणि ह्या रौहियाबाईंच्या."

ह्या चमकत होत्या. नुकत्याच पिंजलेल्या कापसाचे कण उन्हात तरंगावेत तशा, स्वच्छ, एकालाही डाग नाही. शहातानं डोळा लावला तो काढेचना. शेवटी रौहियानंच त्याला कोपरानं ढकललं. "सरक की, माझ्या आहेत!"

शस्त्रक्रिया झाली. किडनी चालू लागली. सशिणीला रौहियाच्या गच्चीवर पिल्लं झाली, तिला मुलूखियाच्या पालेभाजीबरोबर पातेल्यात घालायचं नाव कुणी काढलं नाही. इन्शिराह खाटेवर टेकून बसण्याइतकी बरी झाली, तेव्हा शहाता तिच्या उशाशी बसून संत्रं सोलत होता.

"माझ्या रक्तानं तुम्हाला ओळखलं म्हणे," ती म्हणाली.

"ओळखलं आणि ठार मारलं. एकाला सोडलं नाही."

"बरं केलं. मीच इतकी वर्षं गप्प राहिले." तिनं फोड तोंडात टाकली, चघळली. मग हळूच विचारलं, "रौहिया सांगत होती, तुम्ही तिच्या स्पंजच्या गादीवर आडवे झालात."

"झालो."

"आणि चांगली आहे म्हणालात?"

शहातानं संत्र्याची शीर काढण्यात फार लक्ष घातलं. "म्हणालो. दोनदा."

सुया टोचताना इन्शिराह रडली नव्हती, टाके काढतानाही नाही. आता मात्र तिनं त्याचा कापसानं खरखरीत झालेला हात ओढून गालाशी धरला. हात ओला होत गेला. तो शहातानं काढून घेतला नाही.

"खरं सांगा, अबू हिलाल," शेवटी थोरल्या मुलाच्या नावानं त्याला हाक मारत ती म्हणाली. "चांगली होती का हो?"

"छे!" शहाता म्हणाला. "चोथा आहे नुसता."

इन्शिराहला हसू फुटलं, हसण्यानं पोटातली जखम दुखली आणि एका हातानं पोट धरून ती त्याला शिव्या देऊ लागली. दुसऱ्या हातानं त्याचा हात मात्र तिनं सोडला नाही.