मुश्ताकची हाक

मस्कतच्या नोकरीसाठी मुंबईला मुलाखत द्यायला आम्ही दोघं एकाच गाडीने गेलो होतो. निवड झाली मुश्ताकची. मी इतकी वर्षं संकष्टी न चुकता धरणारा, आणि माझ्या पदरात काहीच नाही! गणपती माझं ऐकतो तरी का, ही शंका मनात घर करून बसली. कारखान्यांच्या विजेच्या मोटारी, पॅनल दुरुस्त करत आम्ही जिल्हाभर जोडीने हिंडायचो. त्यामुळे त्याचं सुख रोज माझ्या शेजारच्या सीटवर बसलेलं असायचं.

त्या दिवशी रत्नागिरीहून पहाटेच जीपने निघालो. हातखंबा, चिपळूण करत गुहागरकडच्या एका बर्फाच्या कारखान्यात पोहोचायचं होतं. घरी काय काय पाठवणार ते तो वाटभर सांगत होता. मी बाहेर बघत नुसतं "हं, हं" करत होतो. त्याच्या अंगावरचा नवा शर्टसुद्धा मला सलत होता.

कारखान्यात मी मेन स्विच बंद करून पॅनल उघडलं. थोडं काम उरकल्यावर मुश्ताक दुपारच्या नमाजाला गावातल्या मशिदीकडे गेला. एकटा राहिल्यावर मन आणखीच कडू झालं. 'यालाच का, देवा? माझ्यात काय कमी होतं?' असं पुटपुटत मी आतल्या तांब्याच्या पट्ट्यांचे सैल नट आवळत होतो. तेवढ्यात मागून आवाज आला,

"अरे मेल्या, हात काढ बाहेर!"

मुश्ताकच होता. मस्कतला जायच्या आधीच हा माझा साहेब झाला की काय, असं वाटून माझं डोकं भडकलं. त्याला चांगलं सुनावावं म्हणून मी हात काढून वळलो, आणि पॅनलवरचा लाल दिवा लागला.

गावची लाईट गेली होती. बर्फ वितळू नये म्हणून म्हाताऱ्या वॉचमनने सवयीने जनरेटर चालू केला होता, आणि मी बंद केलेला मेन स्विच फक्त गावच्या लाईनचा असल्याने जनरेटरचा करंट थेट मी हात घातला होता तिथेच आला होता. लाईट नाही म्हणून मशिदीच्या नळाला पाणी नव्हतं. वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायला, मुश्ताक कारखान्याच्या टाकीवर परत आला, तेव्हा त्याला जनरेटर सुरू करायला गेलेला वॉचमन दिसला आणि तो ओरडत माझ्याकडे धावला.

मुश्ताकने मला खाली बसवलं, पाणी पाजलं. मग त्याने तिथेच कोपऱ्यात रुमाल अंथरून नमाज पढला.

परतताना हेदवीला थांबलो. मुश्ताक पायऱ्यांशी थांबला. दशभुज गणपतीपुढे मी उभा राहिलो, पण मागणं तोंडाशी येईना. नुसते डोळे भरून आले. बाहेर येऊन त्याला पहिल्यांदाच विचारलं, "निघायचं कधी तुझं?" तो असा खुलला, की पार हातखंब्यापर्यंत बोलत राहिला आणि मी ऐकत राहिलो.

हेवा त्या एका दिवसात गेला, असं नाही म्हणणार. तो निघाला त्या सकाळीही आत थोडं टोचलंच. पण आता संकष्टीला मी काही मागत नाही. काय द्यायचं आणि कुणाच्या हातून द्यायचं, ते गणपतीच बघतो. मी फक्त हात जोडतो.